इंग्लिश भुताची मराठी पटकथा

२ ऑगस्ट १९८५, शुक्रवार. दुपारी, केबिनमध्ये.

आजपासून रोजनिशी. शो रिपोर्टच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांचा उपयोग. ही वही कोणी वाचायची नाही. मीसुद्धा नाही.

संकल्प पहिला: समोरच्या त्या मशीनकडे ढुंकून बघायचं नाही.

मशीन मष्णूचं. मष्णू म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वास्कोच्या बंदरात सहा वर्षं हा नक्की काय करत होता ते कोणाला माहीत नाही. परत येताना कपाटाएवढा व्हिडिओ गेम घेऊन आला. निपाणीत एवढे गाळे रिकामे, पण याला नेमका आमच्या टॉकीजच्या समोरचा सापडला. वर पुठ्ठ्याची पाटी: ‘इंग्लिश भूत. आत या.’ अक्षर असं की भुतानेच बाहेर जावं.

नवा पिक्चर, पहिला दिवस, मॅटिनीला माणसं अकरा. त्यातले दोघे झोपायला आलेले आणि एक पंख्याखाली बसायला. मष्णूच्या दारात मात्र रांग. या गावाला कलेची कदर नाही.

मालक सत्याप्पा इंटरव्हलला केबिनमध्ये आले. त्यांच्या तंबाखूच्या दोन वखारी आहेत, तिसरी हवी आहे. म्हणाले, ‘परशराम, दिवाळीपतूर वाट बघतो. न्हाय चाललं तर खुर्च्या काढून हितं पोती लावतो. पोती शिट्ट्या तरी मारत न्हाईत.’ मी हसलो. मालकांचा स्वभाव विनोदी आहे.

चौदा वर्षं या केबिनमध्ये आहे. खानापूरकडचा माणूस, पण आता हाडामासाने निपाणीकर. या दोन प्रोजेक्टरना माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. मला काढून इथे पोती लावणं मालकांना जमणार नाही. त्यांना ते माहीत आहे.

५ ऑगस्ट.

संकल्प मोडलेला नाही. बघायला गेलो नव्हतो, तपासायला गेलो होतो.

एक निळा माणूस. माणूस म्हणजे चार चौकोन. हातात कंदील. सात खोल्यांचा बंगला. प्रत्येक खोलीत किल्ली शोधायची, तिने पुढच्या खोलीचं दार उघडायचं. मध्येच भिंतीतून हिरवं भूत येतं. भूत म्हणजे वाळत घातलेलं फडकं. ते अंगाला लागलं की माणूस मेला, पुन्हा पहिल्या खोलीत. असे तीन जीव. तिन्ही गेले की ‘गेम ओव्हर’ आणि एक भिकार आवाज, जो मला दिवसभर केबिनपर्यंत ऐकू येतो.

मी पहिल्याच खोलीत तीनदा मेलो. एकूण अर्धं मिनिट. माणूस हलवायचा दांडा ढिला आहे. मला बघून मष्णूने तो मुद्दाम ढिला केला असणार. तसं सांगितलं तर म्हणतो, ‘दाजी, दांडा बराबर हाय. भूत आलं की तुमी डोळं झाकालायसा.’

मी डोळे झाकत नाही. प्रोजेक्टरमधल्या कार्बन आर्कच्या झगझगाटापुढे चौदा वर्षं काढलेला माणूस डोळ्यांना विश्रांती देतो. हा फरक वास्कोत शिकवत नाहीत.

८ ऑगस्ट. सकाळी, आंघोळ अर्धवट टाकून.

सुचलं!

मष्णूच्या मशीनमध्ये भीती आहे, पण गोष्ट नाही. आमच्याकडे पडदा आहे, पण माणूस नाही. त्या गेमचा पिक्चर काढायचा. वीतभर भूत चाळीस फुटांचं करायचं. सगळं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून आमच्याकडे. टॉकीज वाचली. मष्णू वास्कोला.

गेमवरून पिक्चर ही कल्पना अख्ख्या जगात अजून कोणाला सुचलेली नसणार. सुचली असती तर आमच्याकडे रिळांची पेटी आली असती.

पटकथा पंधरा दिवसांत पूर्ण करायची. रोज चार पानं. चहा बंद.

११ ऑगस्ट.

पानं: अर्धं. चहा: चालू, कारण काम बौद्धिक आहे.

अडचणी येत आहेत, पण त्या गेम काढणाऱ्याच्या अकलेच्या आहेत, माझ्या नव्हेत. पहिली म्हणजे हिरो तीनदा मरतो. आपला प्रेक्षक एकदा मेलेला हिरो परत आला तर खुर्ची फाडतो. यावर तोडगा काढला: तिळे भाऊ. एक मेला की दुसरा, दुसरा मेला की तिसरा. तिहेरी भूमिका. मुळात नव्हतं ते मी घातलं, याला प्रतिभा म्हणतात.

दुसरी अडचण हिरॉईन. गेममध्ये बाईच नाही. मग किल्ल्यांचा जुडगा हिरॉईनच्या कमरेला दिला. पण मग हिरो सात खोल्यांत कशाला शोधत हिंडेल? तिलाच मागेल. दहा मिनिटांत पिक्चर खलास. म्हणून असं केलं की हिरॉईन हिरोवर चिडलेली आहे आणि काही विचारलं की तोंड फिरवून भाकऱ्या थापते. अंजनाने भांडी घासता घासता वहीत डोकावून बघितलं. म्हणाली, ‘एवढं मातर खरं लिवलासा.’

अंजना मराठी शाळेत चौथीच्या वर्गावर आहे. शुद्धलेखन बरं आहे, पण सिनेमातलं काही कळत नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार.

सुवर्णदिन. सत्याप्पांना कथा सांगितली. केबिनमध्येच, एका प्रोजेक्टरवरून दुसऱ्यावर जायच्या दोन चेंजओव्हरच्या मधल्या अठरा मिनिटांत. तिन्ही भाऊ मी स्वतः करून दाखवले. भूत आल्यावर मालकांनी घड्याळात बघितलं, म्हणजे ताण जाणवला.

शेवटी म्हणालो, मालक, प्रोड्यूसर तुम्ही. ट्रायल शूटिंगला तुमची मागची वखार द्या. दिवाळीपर्यंत पिक्चर उभा करतो, टॉकीज बंद करायचं मनातून काढा.

मालक म्हणाले, ‘बघू.’

होकार! लेखी नको, साक्षीदार नको. मोठ्या माणसाचा एक शब्द.

घरी सांगितलं. अंजनाने विचारलं, नक्की काय म्हणाले? सांगितलं. तर म्हणे, ‘अवो, माझ्या बदलीसाठी शब्द टाका म्हनलं तवाबी सत्याप्पा बघूच म्हनालते. चार वर्सं झाली, अजून बघालाल्यात.’

बायकांना व्यवहारातले बारकावे कळत नाहीत. नवीन संकल्प: घरात पटकथेचा विषय काढायचा नाही.

२० ऑगस्ट.

वाईट बातमी. पटकथेला शेवट लागतो आणि गेमचा शेवट मला माहीत नाही. सातव्या खोलीत काय आहे ते बघितल्याशिवाय क्लायमॅक्स कसा लिहिणार? अजून पहिल्या खोलीतच आहे. रोज तीन वेळा, कधी सहा वेळा मरतो. हे खेळणं नव्हे, संशोधन आहे. तसं मी मष्णूला बजावलं. तो फिदीफिदी हसला आणि माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं. या माणसाचा तिरस्कार शब्दांत मावत नाही. स्टूल बरं आहे.

गिऱ्हाइकांत कोण सगळ्यात पुढे पोचलं, चौकशी केली. उत्तर ऐकून जीव कासावीस झाला. गुणाबाई. सहावी खोली.

गुणाबाई म्हणजे मष्णूच्या गाळ्याशेजारच्या कट्ट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसणारी बाई. पन्नाशीची. वाचता येत नाही, चष्मा दोऱ्याने बांधलेला. पण दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं. पान, तंबाखू, वळ, दुमड, दोरा, एवढ्या वेळात माझी काडीसुद्धा पेटत नाही. काल जेवणाच्या सुट्टीत उठली, पदराला हात पुसले, दांडा धरला आणि त्या भुताला असं हुलकावलं की सगळा गाळा ओरडला. मी टाळी वाजवली नाही. ते यंत्रासारखं काम आहे, त्यात अभिनय नाही.

२१ ऑगस्ट.

गुणाबाईची मुलाखत. कमीपणा घेऊन कट्ट्यावर बसलो. गुणाक्का, म्हटलं, आतल्या खोल्यांत काय काय आहे ते सविस्तर सांगा, तुमचं नाव पडद्यावर येईल.

तिने विडी वळणं थांबवलं नाही. म्हणाली, ‘पयल्या खोलीत भूत, दुसरीत भूत, तिसरीत भूत. नुस्तं पळापळी.’

कथानक विचारलं. भूत त्याच्या मागे का लागतं?

तर म्हणाली, ‘आपरेटर, ते भूत त्येच्या घरातच हाय की. त्येनं कुनाचं काय केलंय? ह्यो मुडदा कंदील घिऊन त्येच्या घरात शिरलाय, किल्ल्या चोरालाय. मला तर त्या भुताचीच लई कीव येती.’

अडाणीपणाची कमाल. भुताची कीव! हॉरर म्हणजे काय हे हिला कोण सांगणार. मी उठलो.

ता. क., संध्याकाळी: भूत हाच त्या घराचा मूळ मालक आहे आणि हिरो घुसखोर, असा एक अत्यंत वेगळा विचार आज मला सुचला. पान तीनवर घेतला.

६ सप्टेंबर, शुक्रवार.

आज जे झालं त्यातून एक सिद्धान्त मिळाला.

चौथं रीळ चालू केलं आणि संशोधनाला गेलो. अठरा मिनिटं हाताशी. पहिल्या खोलीत किल्ली दिसली! कोपऱ्यात, पिवळी. हात पोचणार तेवढ्यात फडकं. धावत परत आलो, डाव्या मशीनवर पुढचं रीळ चढवलं. पाचवं चढवायचं ते सातवं चढलं. त्यामुळे हिरोचा बाप मेला, आणि नंतरच्या रिळात तो मुलाला दूध पाजताना दिसला.

प्रेक्षक तेवीस. तक्रार एक. तीही मुतारीची.

सिद्धान्त: प्रेक्षकाला मेलेला माणूस परत आलेला चालतो. म्हणजे तिळ्या भावांची गरज नाही. गेम बरोबर होता, आणि मी त्याच्याही आधी हे ओळखलं होतं.

मालकांना सांगितलेलं नाही. त्यांच्या डोक्याला कशाला त्रास.

१५ सप्टेंबर.

पटकथा, पाने: सात. त्यातली दोन अंजनाने चौथीच्या हजेरीचा तक्ता आखायला नेली. मागितली तर म्हणाली, कोरी वाटली.

आता मोठा प्रश्न भाषेचा. इथे मराठीत काढला तर कन्नडवाले म्हणणार, कन्नडमध्ये काढला तर मराठीवाले म्हणणार. दोन्हीकडची माणसं मला पाण्यात बघायला टपलेली आहेतच. उपाय काढला: बंगला सीमेवर, कोगनोळीच्या नाक्यावर दाखवायचा. चार खोल्या महाराष्ट्रात, तीन कर्नाटकात. भूत चौथ्या खोलीपर्यंत मराठी, पुढे कन्नड. हिरो दोन्ही बोलतो, आपल्याकडचा प्रत्येक माणूस बोलतो तसा.

हे गाळ्यातल्या स्टुलावर बसून मोठ्याने वाचून बघत होतो, ते मष्णूने मागून ऐकलं. म्हणाला, ‘दाजी, नाक्यावर भुताला अडिवलं तर? पेटी उघड म्हनतील.’ गाळ्यातली सगळी माणसं हसली. त्यांची तोंडं मी लक्षात ठेवली आहेत. प्रीमियरला एकालाही पास नाही.

२९ सप्टेंबर.

कॅमेरामन ठरला. शामू. आमच्या खानापूरकडचा, आता कोल्हापुरात फोटोग्राफीच्या क्षेत्रात आहे. पत्राला उत्तर आलं: येत्या पंधरवड्यात लग्नं नाहीत, येतो. लग्नांचं मध्येच का काढलं कळलं नाही. संसारी माणूस दिसतो.

सत्याप्पांकडे वखारीची परवानगी पुन्हा मागितली. पुन्हा ‘बघू’. दोनदा! आता तर कोर्टातही टिकेल. किल्ली दिवाणजींकडून परस्पर घेतो. एवढ्यातेवढ्यासाठी मालकांना किती वेळा विचारायचं.

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.

ट्रायलचा दिवस. टॉकीजमागची वखार, माडीपर्यंत तंबाखूची पोती. अंधार, जाळी, कोंदट. तयार सेट. हिरो मी. तिन्ही वेळा मरणारा मीच. भूत गुणाबाई, कारण गावात दुसऱ्या कोणी फडकं डोक्यावर घ्यायला होकार दिला नाही. तिने एकच अट घातली: शेवटी भूत जिंकलं पाहिजे. हो म्हटलं. एडिटिंगमध्ये काढता येतं.

दुपारी २.

शामू आला. त्याच्या हातात फिल्मचा कॅमेरा नाही, व्हिडिओचा आहे. कोल्हापुरात तो लग्नं काढतो. मंगलाष्टका, विहिणींची पंगत आणि पाठवणी. हे पत्रात स्पष्ट लिहायला हवं होतं. मी विचारलं नाही हे खरं, पण मी का विचारायचं? असो. उजेड कमी असला तरी कॅमेऱ्याला दिसतं म्हणतो.

मॅटिनी २.३० ला. पहिलं रीळ चढवून येतो. वखार मागेच आहे. प्रत्येक चेंजओव्हरला पळत जाऊन येता येईल. सगळं मिनिटामिनिटाने आखलेलं आहे.

संध्याकाळी ६.

शांतपणे लिहितो.

वखारीचं दार लावून घेतलं. मी कंदील घेऊन पोत्यांच्या बोळात शिरलो. शामूने कॅमेरा खांद्यावर घेतला, एक पाऊल आत टाकलं आणि शिंकला. मग पुन्हा. मग थांबलाच नाही. रविवार असूनही वखारीतल्या पाचसहा बायका तमाशा बघायला आल्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. त्यातली एक म्हणाली, ‘भाईरचा हाय गं. वखारीत भाईरचाच मानूस शिंकतो.’

हे मला सुचायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे. निपाणीत राहणाऱ्याला तंबाखूचा वास येत नाही. लेकरं त्या वासात जन्मतात, म्हातारी त्यातच जातात. कोल्हापूरच्या नाकाला तो बाधेल हे इथे कोणाच्या डोक्यात येईल? मला स्वतःला चौदा वर्षांत एक शिंक आलेली नाही. बायकांना तसं सांगितलं. गुणाबाई फडक्याच्या आतून म्हणाली, ‘व्हय, आपरेटर आता आपल्यातलाच.’

मी जिद्द सोडली नाही. तीन शॉट घेतले. पहिल्यात भूत येताना शामू शिंकला. दुसऱ्यात मी मरताना. तिसऱ्यात गुणाबाईच फडकं बाजूला करून त्याला पाणी द्यायला धावली.

एवढ्या गडबडीत चेंजओव्हर राहिला.

नुसता राहिला असता तर पडदा पांढरा झाला असता, बस्स. पण फिल्म प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, आर्कच्या समोरच, अडकली होती. आर्कच्या उष्णतेने जळली. लोक सांगतात, हिरॉईन पडद्यावर हसत होती आणि तिच्या गालावर तपकिरी डाग पडला, तो वाढत वाढत सगळं तोंड खाऊन गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भीती कशाला म्हणतात ते या गावाने आज प्रथमच बघितलं, तेही माझ्यामुळे.

बाल्कनीत सत्याप्पा होते. संकेश्वरचे व्याही आले होते, त्यांना पिक्चर दाखवायला आणलं होतं. मला माहीत नव्हतं. कोणी काही सांगतच नाही.

१४ ऑक्टोबर.

सत्याप्पांनी पेढीवर बोलावलं. ओरडतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती: शामूचं नाक, जुनं गेट, ढिला दांडा. काही विचारलंच नाही. चहा मागवला. माझ्या कपात साखर स्वतः घातली.

म्हणाले, ‘परशराम, तुझ्याकडं बगून माझा जीवच हुईना दार बंद करायला. चौदा वर्सं झाली, ह्या मानसाला कसं सांगायचं म्हनत हुतो. काल तूच करून दिलास. बरं झालं.’

दिवाळीनंतर पोती.

मी विचारलं, आणि पिक्चरचं?

या खेपेला ‘बघू’ म्हणाले नाहीत. चहा संपव, म्हणाले.

१६ ऑक्टोबर.

मालक दबावाखाली आहेत. व्याह्यांसमोर शोभा झाली म्हणून वरवर कडक. टेप बघितली की निर्णय फिरवतील. शामूने टेप पाठवली आहे, वीस मिनिटं. ती बघायला यंत्र लागतं आणि ते सगळ्या पेठेत एकाकडेच आहे. मष्णूने गेल्या आठवड्यात टीव्ही आणि व्हीसीआर आणला. त्याच्याकडे मी जाणार नाही.

१७ ऑक्टोबर.

गेलो होतो.

टेपमध्ये काय आहे: छत. पोतं. शिंक. माझा पाय. शिंक. कंदील. गुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन. शिंक. छत. एके ठिकाणी माझा चेहरा अडीच सेकंद दिसतो. तेवढी अडीच सेकंदं उत्तम आहेत.

मष्णू हसून हसून खाली बसला. म्हणाला, ‘दाजी, ही टेप मला द्या. ह्येच्याएवढं भारी म्या बंदरावर इंग्लिश पिच्चरमदीबी बघितलं न्हाय.’ टेप यंत्रातून निघत नव्हती म्हणून तिथेच ठेवली.

३ नोव्हेंबर.

हाऊसफुल्ल.

‘इंग्लिश भूत’ची पाटी उलटी करून मष्णूने मागे लिहिलंय: ‘शिंकणारं भूत. निपाणीतच काढलेलं.’ रोज सहा खेळ. आडी, सदलगा, कुठून कुठून माणसं येतात. प्रत्येक शिंकेला गाळा हादरतो. माझी अडीच सेकंदं आली की पोरीबाळी किंचाळतात. भीतीने. मष्णू म्हणतो हसून. मष्णूला प्रेक्षकांचं मानसशास्त्र कळत नाही.

समोर आमच्या मॅटिनीला चौघे.

म्हणजे माझं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. गेमचा पिक्चर निघाला आणि चालला. फक्त रस्त्याच्या चुकीच्या बाजूला. अंजनाला तसं सांगितलं. ती वह्या तपासत होती. हातातली वही संपवून म्हणाली, ‘मष्णू इचारालाय, त्या व्हीसीआरवर बसनार काय म्हनून. तुमालाच इचारायला लाजतोय.’

मी जेवलो नाही. म्हणजे भाकरी एकच खाल्ली.

संकल्प: मष्णूच्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही. कधीही.

१४ नोव्हेंबर.

दिवाळी झाली. काल दुपारी शेवटचा खेळ. कोणी शेवटचा म्हणून आलं नव्हतं. सातवं रीळ सातव्याच जागी लावलं. एकही चेंजओव्हर चुकला नाही. इतका स्वच्छ शो मी चौदा वर्षांत चालवला नव्हता, आणि खाली सहा माणसं.

१६ नोव्हेंबर. मष्णूकडे.

पायरीवर पाऊल ठेवलेलं नाही, मागच्या दाराने आलो. व्हीसीआर सांभाळतो. तात्पुरतं. सल्लागार म्हणून. एक बटण दाबलं की टेप संपेपर्यंत काम नाही. ना कार्बन, ना रीळ, ना चेंजओव्हरची खूण म्हणून पडद्यावर येणाऱ्या ठिपक्यावर नजर. चिमणीसुद्धा चोचीने चालवेल. मष्णू मला सगळ्यांसमोर ‘आपरेटर’ म्हणून हाक मारतो. आवाजात कुजकेपणा नाही, म्हणून जास्तच राग येतो.

आज गुणाबाईने सातवी खोली पार केली. सगळा गाळा श्वास रोखून उभा. मी वही उघडून पेन्सिल धरलेली. शेवटचं दार उघडलं.

पुन्हा पहिली खोली. तोच बंगला, तेच भूत, फक्त जोरात पळणारं.

शेवट नाहीच! तीन महिने मी ज्या क्लायमॅक्सची वाट बघितली तो त्यांनी लिहिलेलाच नाही. फसवणूक. गुणाबाईने दांडा सोडून दिला. म्हणाली, ‘जाऊ दे. ऱ्हाऊ दे त्येला त्येच्या घरात,’ आणि विड्या वळायला गेली. दोन जीव शिल्लक होते, ते तसेच टाकून.

१८ नोव्हेंबर. दुपारी.

चष्मा केबिनमध्ये राहिला होता, तो आणायला टॉकीजमध्ये गेलो. फक्त चष्म्यासाठी.

खुर्च्या निघाल्या आहेत. जमिनीवर त्यांच्या पायांची भोकं रांगेने दिसतात. पडदा खाली उतरवून घडी करून ठेवलाय, घडी एवढीशी होते हे माहीत नव्हतं. भिंतीला पोती रचलेली. केबिनचा जिना चढलो. दोन्ही प्रोजेक्टर जागेवर आहेत, भंगारवाला यायचाय. माझं स्टूल आहे. बसलो. सवयीने केबिनच्या भिंतीतल्या भोकातून खाली बघितलं.

खाली गुणाबाई आणि आणखी दोघी झाडत होत्या. तिने कट्टा सोडून आता इथे काम धरलंय.

तेवढ्यात मला शिंक आली. मग दुसरी. थांबेनात. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शर्टाच्या बाहीला पुसतोय तरी थांबेना. तंबाखू. बंद हॉलमध्ये एवढी पोती लावल्यावर दुसरं काय होणार. कोणालाही झालं असतं. निपाणीच्या माणसालासुद्धा.

खालच्या दोघी दचकून ओरडल्या. गुणाबाईने झाडणी थांबवून वर बघितलं. म्हणाली, ‘कोन हाय वर? कशानं शिंकालाईसा? तंबाखू उद्या याची हाय. ही समदी नवी रिकामी पोती हायत.’

रिकाम्या पोत्यांतही थोडीफार असते. असणारच.

तिने परत विचारलं, ‘कोन हाय?’

मी म्हणालो, कोणी नाही.

ती थोडा वेळ वर बघत राहिली. मग त्या दोघींना म्हणाली, ‘चला गं, पलीकडनं झाडू. त्यो घरचाच हाय.’

चष्मा सापडला नाही. खिशातच होता.